किपरला सातवा क्रमांक दिल्याबद्दल

श्रीमान क्रमवारीकार महोदय यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या बाराही भागांना ओळीने उभं केलंत आणि सर्वांत टुकार ते सर्वांत झकास असे नंबर वाटलेत, त्याबद्दल प्रथम आपले त्रिवार आभार. मालिका बीबीसीवर १९७५ साली लागली. तेव्हापासून लोक ती नुसतीच बघत आले, पोट धरून हसत आले. पण कुठल्या भागाला किती हसावं, याचं मार्गदर्शन कोणी करत नव्हतं. आम्ही तर आपल्या बाराव्या नंबरालाही पहिल्या नंबराइतकंच हसत होतो. इतक्या वर्षांत केवढं हसू वाया गेलं असेल, त्याचा हिशेबही आता आपणच मांडून द्यावा.

आपला-माझा परिचय नाही. आपण समीक्षक, मी लॉजवाला. पाचगणीत माझं चौदा खोल्यांचं लॉज आहे. आता मुलगा चालवतो, मी गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. लॉज सुरू केलं १९७९ साली, म्हणजे तिकडे टॉर्कीत बॅझिल फॉल्टीचा शेवटचा भाग लागला त्याच वर्षी. हा योगायोग मला फार उशिरा कळला. वेळेत कळता तर किराणा दुकान काढलं असतं.

मालिकेच्या कॅसेटी सौ.च्या भावाने १९८८ साली लंडनहून आणल्या. चार कॅसेटी, एकेकीत तीन भाग. पाचगणीचा पावसाळा आपण पाहिला नसेल. जून लागला की धुकं खिडकीतून आत येऊन खाटेवर बसतं, चादरी वाळत नाहीत, आणि मुक्कामाला येते ती बहुतेक बुरशीच. त्या चार महिन्यांत आम्ही नवरा-बायको रजया पांघरून हे बारा भाग पुन्हा पुन्हा बघायचो. क्रम कसला? जिला बुरशी कमी ती कॅसेट लावायची. आपली पद्धत तेव्हा निघालेली नव्हती.

पत्र आपल्यालाच आहे, तरी शेजारून मान वाकडी करून वाचणाऱ्या चार जणांसाठी थोडं सांगतो. आपण तेवढा वेळ चहा घ्या. टॉर्की हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथे बॅझिल फॉल्टी हा ताडमाड हॉटेलवाला. साध्या गिऱ्हाइकावर खेकसायचं आणि कोणी लॉर्ड दिसला की कमरेत वाकायचं, हा त्याचा धर्म. त्याची बायको सिबिल, जिच्यामुळे हॉटेल चालतं. पॉली ही कामाला असलेली मुलगी, जिच्यामुळे ते बुडत नाही. आणि बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल, ज्याच्याकडे मन, मेहनत, निष्ठा सगळं आहे, फक्त इंग्रजी नाही. लिहिलं जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या जोडप्याने. बॅझिल आणि पॉलीची कामंही त्यांचीच. सहा भाग १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. पुरे म्हणून थांबले. एकेका भागाच्या लेखनाला त्यांना साधारण सहा आठवडे लागत. आपण बाराच्या बारा एका दमात निकालात काढलेत. कार्यक्षमता म्हणतात ती हीच.

आणि हे सगळं सुचलं कुठून, तर तेही गिऱ्हाईक म्हणूनच. १९७० साली मॉन्टी पायथन या क्लीज यांच्या विनोदी कंपूची मंडळी चित्रीकरणासाठी टॉर्कीला गेली आणि एका हॉटेलात उतरली. तिथल्या मालकाने त्यांच्यातल्या एरिक आयडलची बॅग बाहेर भिंतीपलीकडे नेऊन ठेवली. म्हणे आत बॉम्ब असेल. टेरी गिलियम अमेरिकन पद्धतीने काटा-सुरी धरतो म्हणून त्याला जेवताना सुनावलं. बाकीचे वैतागून दुसऱ्या हॉटेलात गेले. क्लीज मात्र तिथेच राहिले, आणि बघत राहिले. राहून, नीट बघून मग लिहायचं, अशीही एक जुनी रीत होती, महोदय.

आता आपल्या दशांशचिन्हाकडे वळतो. खरं म्हणजे त्याच्या पायाच पडायला हवं. आपण प्रत्येक भागाला हशा, कथानक, अभिनय आणि 'कालसुसंगतता' असे चार रकाने दिलेत आणि दशांशात गुण दिलेत. 'द वेडिंग पार्टी'ला ७.४ आणि 'द सायकायट्रिस्ट'ला ७.६. मी पुन्हा दोन्ही भाग बघितले. ते दोन दशांश कुठे सांडलेत ते हुडकत होतो. पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. या मालिकेत बहुतेक गोष्टी कपाटातच सापडतात. नाही सापडले.

आपल्या परंपरेचाही मला अभिमान वाटतो. १९७४ साली या मालिकेची पहिली संहिता बीबीसीतल्या एका संहिता-वाचकाने वाचली आणि वरिष्ठांना लेखी कळवलं, की हिच्यात ठोकळेबाज पात्रांशिवाय काही नाही, ही आपटणार. तो कागद आजही लोक चवीने वाचतात. आपलं लिखाणही असंच टिकावं, ही मनापासून शुभेच्छा.

पुढे २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ब्रिटिश टीव्हीवरच्या शंभर उत्तम कार्यक्रमांची यादी केली, तिच्यात 'फॉल्टी टॉवर्स' पहिली. चार वर्षांनी बीबीसीने जनतेला कौल मागितला, तर ती विनोदी मालिकांतच पाचवी. चार वर्षांत मालिकेतला एक स्वल्पविराम बदललेला नव्हता. तेव्हा मला वाटलं होतं की अशा याद्यांचं काही खरं नसतं. आता आपली यादी वाचल्यावर खात्री पटली.

बाराव्या क्रमांकाला आपण 'वॉल्डॉर्फ सॅलड' टाकलंत. कारण दिलंत, 'गोंगाट फार'. किती नाजूक कान! त्या भागात रात्री उशिरा एक अमेरिकन पाहुणा येतो. स्वयंपाकघर बंद झालेलं. तो आचाऱ्याला थांबवण्यासाठी वीस पौंड काढून देतो. बॅझिल ते खिशात घालतो, आचाऱ्याला घरी पाठवतो आणि स्वतः रांधायला उभा राहतो. पाहुणा वॉल्डॉर्फ सॅलड मागतो. सेलरी, सफरचंद, अक्रोड, द्राक्षं, मेयोनेज. एवढा साधा जिन्नस. बॅझिल सांगतो, वॉल्डॉर्फ संपले.

पण महोदय, खरा भाग तो नाहीच. खरा भाग बाजूच्या टेबलांवर आहे. तिथले इंग्रज पाहुणे मघापासून गिळवत नाही ते गिळतायत, आणि विचारलं की म्हणतायत, छान आहे, छान आहे. तो अमेरिकन भडकल्यावर मग एकेकाला वाचा फुटते. हे लिहायला लॉज चालवावं लागतं, नाहीतर देवाने क्लीजची नजर द्यावी लागते. माझ्याकडे एकतीस वर्षांच्या अभिप्राय-वह्या आहेत. 'जेवण उत्तम, घरच्यासारखं वाटलं' असं लिहून गेलेली माणसं बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीत बसून आमटीची उत्तरक्रिया करायची. टपरीवाला आमचाच भाचा. शब्द न शब्द कळायचा. आपल्याला मात्र यात गोंगाट ऐकू आला.

अकरावा क्रमांक 'द अॅनिव्हर्सरी'. 'कथानक ताणलेलं' हा आपला शेरा सौ.ला मुद्दाम वाचून दाखवला. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवशी बॅझिल सगळं विसरल्याचं नाटक करतो, कारण त्याने गुपचूप मित्रमंडळी बोलावलेली असतात. सिबिलला ते खरं वाटतं, ती रागावून निघून जाते, आणि पाहुणे दारात. मग 'ती आजारी आहे' ही थाप, अंधाऱ्या खोलीत पॉलीला सिबिल म्हणून निजवणं, आणि तेवढ्यात खरी सिबिल परत! ताणलेलं खरंच, लग्न पंधरा वर्षं ताणलं की असंच होतं. आणि हा भाग लागला १९७९ च्या मार्चमध्ये. क्लीज आणि बूथ यांचा घटस्फोट झाला १९७८ मध्ये. ज्यांचं लग्न मोडलं त्या दोघांनी मिळून लग्नाच्या वाढदिवसाचा फार्स उभा केला, त्यात दोघांनी कामं केली, आणि कुठे एक कडवट शिंतोडा उडू दिला नाही. अशाला अकरावा नंबर देणं म्हणजे... नाही, शब्द गिळतो. छान आहे, छान आहे.

सौ.चीही एक नम्र पृच्छा आहे. आपल्या लेखात बॅझिल चौतीस वेळा आला (तिने पेन्सिलीने मोजलं), आणि सिबिल दोनदा, दोन्हीदा 'त्याची बायको' म्हणून. सिबिल झालेल्या प्रुनेला स्केल्सचं ते खिंकाळतं हसू, फोन कानाला लावून मैत्रिणीला 'हो ना गं, हो ना' करत राहणं, आणि तेच करता करता एका नजरेत नवऱ्याची मुंडी मुरगाळणं, याला अभिनयाच्या रकान्यात किती दशांश मिळाले? तिला घाई नाही. पावसाळा अजून बराच आहे.

'द बिल्डर्स'ला दहावा नंबर देताना आपण प्रेक्षकांचा हशा मोजलात: 'स्टुडिओतला प्रेक्षकही थंड'. या शास्त्रशुद्धतेपुढे मान तुकवतो. फक्त एक बारीकशी गोष्ट. त्या चित्रीकरणाला समोरच आइसलँडच्या दूरचित्रवाणीचे पाहुणे मोठ्या संख्येने बसले होते, असं क्लीजच सांगतात. भली माणसं, सभ्यपणे बसली आणि सभ्यपणेच उठली. म्हणजे आपण जो हशा मोजलात तो मालिकेचा नव्हता, आइसलँडचा होता. बाकी, स्वस्तातला कंत्राटदार नेमून भार पेलणाऱ्या भिंतीतच दार पाडून बसणं या विषयावर मी जास्त बोलत नाही. आमच्या लॉजच्या मागच्या जिन्याचा दाखला मुलगा आपल्याला देईल.

'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' पाचवा, आणि 'बहिऱ्या वृद्धेची थट्टा' म्हणून कालसुसंगततेचे तीन गुण कापले. आपलं कनवाळू मन पाहून डोळे पाणावले. पण मिसेस रिचर्ड्स ऐकण्याचं यंत्र बंद ठेवतात ते बॅटरी संपू नये म्हणून, महोदय. बाईंचा तोटा कानांचा नाही, कंजूषपणाचा आहे. आणि खोलीतून काही दिसत नाही म्हणून त्या तक्रार करतात, तेव्हा बॅझिल विचारतो की टॉर्कीच्या खिडकीतून आपल्याला काय दिसायला हवं होतं, सिडनीचं ऑपेरा हाऊस?

आता पाचगणीत सिडनी पॉइंट आहे. खराखुरा, कृष्णेचं खोरं दिसतं तिथून. जूनच्या धुक्यात मुंबईच्या एक बाई काउंटरवर येऊन म्हणाल्या, खोलीतून सिडनी पॉइंट दिसेल असं तुम्ही सांगितलं होतं. मी म्हटलं, बाई, त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात. त्यांनी पैसे परत घेतले. ही घटना कॅसेटी यायच्या आधीची आहे, हे नोंदवून ठेवा, पुढे सौ.ने मला नकलाकार ठरवलं होतं.

पहिला क्रमांक 'द जर्मन्स'चा. इथे आपलं-माझं जुळेल असं वाटलं होतं. आपण त्या भागाच्या सुरुवातीच्या पाटीचं खास कौतुक केलंत. हॉटेलची पाटी आणि तिच्यावरची दर वेळी जागा बदलणारी अक्षरं, हा मालिकेचा आवडता खेळ, हे अगदी खरं. अडचण एवढीच की बारा भागांत ज्याच्या सुरुवातीला ती पाटी दिसतच नाही, असा हा एकच भाग आहे. तिथे इस्पितळ दिसतं, कारण सिबिल पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेली असते. न दिसणाऱ्या गोष्टीलाही गुण देणारा परीक्षक आमच्या वेळी शाळेत असता, तर मी लॉजवाला झालो नसतो.

याच भागात 'मॅन्युएलला वाव कमी' म्हणून आपण ८.९ वर थांबलात. आगीच्या प्रसंगात मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू सॅक्सच्या अंगरख्यातून धूर निघावा म्हणून रसायन लावलं होतं. त्याने तो खरोखर भाजला. म्हणजे कातडीपर्यंत वाव होता. शिवाय हा स्पॅनिश वेटर जन्माने बर्लिनचा. वडील ज्यू, म्हणून १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून कुटुंबासह इंग्लंडला आलेला पोर. डोक्याला मार लागलेला बॅझिल जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा विषय टाळता टाळता टांगा फेकत कवायत करतो, तो सगळा धुडगूस ज्या भागात आहे, त्यात खरा बर्लिनकर आहे तो मॅन्युएल. आपल्या चार रकान्यांत हे कुठे बसवावं, कळत नाही. पाचवा रकाना आखावा का?

आणि मेजर. हॉटेलात कायम मुक्काम ठोकून बसलेले, इतिहास आणि तारीख दोन्ही विसरलेले मेजर गोवेन एक आठवण सांगतात, की एका बाईला मी भारताचा सामना बघायला ओव्हलवर नेलं होतं. बाई आपल्या खेळाडूंना एक वांशिक शिवी देत होती, तेव्हा मेजरनी तिला समज दिली: ती शिवी वेस्ट इंडीजवाल्यांची, यांची शिवी वेगळी! या वाक्यांपायी २०२० च्या जूनमध्ये यूकेटीव्ही या ब्रिटिश वाहिनीसमूहाने हा भाग काढून टाकला होता. क्लीज कडाडले, मग इशाऱ्याची पट्टी लावून तो परत आला. आपणही दोन गुण कापलेत, आमच्या वतीने. आम्ही त्या शिवीचे थेट लाभार्थी, म्हणून आमचं मत विचारायचं तेवढं राहिलं. आम्ही हसलो होतो. शिवीला नव्हे; ज्ञान दिल्याच्या आनंदात माणूस स्वतःची घाण केवढ्या रुबाबात मांडतो, त्याला. असे मेजर माझ्या लॉजवर दर सीझनला उतरत, आणि ते इंग्रज नसत.

विषय निघालाच आहे तर ओव्हलचं एक सांगतो. तिथेच १९४६ च्या मे महिन्यात आपला संघ सरेविरुद्ध खेळत होता. नऊ बाद २०५. अकराव्या नंबरावर शुटे बॅनर्जी आले. समोर दहाव्या नंबरावरचे चंदू सरवटे, होळकर संघाचे. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा काढल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या दोघांनीही एकाच डावात शतक ठोकल्याचं उदाहरण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दुसरं नाही. आपल्या यादीतल्या तळाच्या नावांवरून हे आठवलं एवढंच. दुसरा काही हेतू नाही.

मधल्या नंबरांवर आपला फार वेळ घेत नाही. 'हॉटेल इन्स्पेक्टर्स'ला तिसरा दिलात, तो तसाच राहू द्या. चमचे विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याला तपासनीस समजून बॅझिल त्याच्यापुढे लोटांगण घालतो. मीही ब्रीफकेस दिसली की पापड फुकट द्यायचो. 'गोर्मे नाइट' चौथा, ठीक. बंद पडलेल्या मोटारीला झाडाची फांदी तोडून आणून चोप देणारा माणूस ज्यांनी फक्त पडद्यावरच पाहिलाय, त्यांनी खंबाटकीच्या घाटात कधी प्रवास केलेला नाही.

आता मूळ मुद्दा. इथपर्यंत वाचलंत, आपण थोर आहात.

'द किपर अँड द कॉर्प्स'ला आपण सातवा क्रमांक दिलात, आणि कारण लिहिलंत एका शब्दात: 'अवास्तव'.

या भागात लीमन नावाचे पाहुणे रात्री झोपेत जातात. सकाळी बॅझिल न्याहारी घेऊन खोलीत शिरतो. न्याहारीला किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा. पाहुणा बोलत नाही म्हणून बॅझिल त्याच्या उद्धटपणावर चिडतो, टोमणे मारतो आणि निघून जातो. माणूस मेलाय हे कळल्यावर त्याच्या पोटात गोळा येतो तो माशाचा: किपर शिळे होते, त्यानेच मेला असेल! मग पहिलं काम, किपर लपवणं. पुढे ते प्रेत खोली, कपाट, टोपली असं हॉटेलभर फिरतं, आणि एक डॉक्टर मधूनमधून आपले सॉसेज मागत राहतो.

क्लीजनी एका जाणकाराला विचारलं होतं, हॉटेलच्या धंद्यात सर्वांत मोठा वैताग कुठला? तो माणूस लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम केलेला. तो म्हणाला, मेलेले पाहुणे. इतर पाहुण्यांना पत्ता लागू न देता त्यांना बाहेर कसं काढायचं, हा. त्या माणसाचं आडनाव लीमन. भागातल्या मयताला तेच नाव दिलं. तेव्हा हा अवास्तवपणा थेट सॅव्हॉयमधून आणलेला आहे, हे आपल्या माहितीसाठी.

आणि थोडा पाचगणीतून. १९८४ चा मे. खोली नंबर नऊ. निवृत्त मुख्याध्यापक, एकटेच, चार दिवसांचं भाडं आगाऊ भरलेलं. सकाळी सहाला पोऱ्या चहा घेऊन गेला आणि परत आला. "शेठ, नऊ नंबर बोलत न्हाईत." मी म्हटलं, न बोलायला काय झालं, पैसे भरलेत म्हणून काय झाले, ठेव चहा आणि ये. पोऱ्या ठेवून आला. साडेसहाला मीच गेलो. चहावर साय धरली होती. मी दारातून म्हटलं, गुरुजी, गार झाला. आणखी जरा मोठ्याने म्हटलं. मग, देव क्षमा करो, एक टोमणाही मारला.

कळल्यावर मी काय केलं असेल? डॉक्टरांना फोन? तो नंतर. आधी मी जिना उतरून स्वयंपाकघरात गेलो. रात्री गुरुजींनी आमच्याकडची मटकीची उसळ खाल्ली होती, दोनदा मागून. पातेल्यात निम्मी शिल्लक होती, सकाळच्या मिसळीसाठी ठेवलेली. मी ते पातेलं उचललं आणि मागच्या मोरीत पालथं केलं. वर दोन बादल्या पाणी ओतलं. मागे वळलो तर दारात सौ. उभी.

डॉक्टर आले. म्हणाले, हृदय. झोपेतच. पोलीस आले, पंचनामा झाला. दुपारी गुरुजींचे चिरंजीव आले आणि माझे हात धरून म्हणाले, बाबांच्या पत्रात तुमच्या जेवणाची फार तारीफ होती. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

सौ. या विषयावर कधी बोलली नाही. चार वर्षं. मग १९८८ च्या पावसाळ्यात कॅसेट लागली. बॅझिलने किपर उचलले, इकडेतिकडे बघितलं आणि ते लपवायला लागला. मी स्वेटरमध्ये तोंड खुपसून हसत होतो. सौ.ने पडद्यावरून नजर न काढता एकच शब्द उच्चारला.

"उसळ."

आम्ही दोघं इतके हसलो की रजई खाटेखाली गेली. मध्येच कधीतरी तिला डोळे पुसताना पाहिलं. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही. त्या चार वर्षांत आमच्यात जे एक पातेलं पालथं पडून होतं, ते त्या अर्ध्या तासाने सरळ केलं. आपण त्याला सातवा नंबर दिलात. मला नंबर लावायचे नाहीत. लावले असते तर पहिला दिला असता, तो भाग वेगळा.

तरी आपल्यावर राग नाही. उलट एक आग्रहाचं निमंत्रण आहे. आपण एकदा पाचगणीला यावं, चार दिवस राहावं, भाडं नको. नऊ नंबरची खोली आपल्यासाठी राखून ठेवायला मुलाला सांगितलं आहे. उत्तरेकडची, शांत, गोंगाट अजिबात नाही. सकाळी सहाला चहा येईल. आपण बोलला नाहीत तरी आम्ही गैरसमज करून घेणार नाही.

किपर आमच्याकडे मिळत नाही. रात्रीच्या जेवणाला उसळ असते.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
चौदा खोल्यांचा एक लॉजवाला